गोल बॉबिनचा डबा आणि लांब शटल: एका जुन्या हातमशीनची ओळख

कपाटावर कित्येक वर्षं पडून असलेलं एक शिलाई मशीन खाली उतरवलं गेलं. वाकवलेल्या लाकडाचं कमानदार झाकण, वर धरायची मूठ, एका टोकाला कुलूप, किल्लीचा पत्ता नाही. सोबत पत्र्याचा एक डबा होता. त्यात अकरा गोल धातूच्या बॉबिन (खालचा धागा गुंडाळायच्या रिळी), कापड दाबून धरणारे चार-पाच ‘फूट’, एक आखूड स्क्रू ड्रायव्हर आणि तळाशी धाग्यांच्या गुंत्यात अडकलेली, बोटाच्या पेराएवढी एक बारीक लांब नळी. घरच्यांकडून मिळालेली माहिती तीन वाक्यांची: मशीन सिंगर कंपनीचं ९९ क्रमांकाचं मॉडेल आहे, शंभर वर्षांचं आहे आणि सगळे भाग मूळचे आहेत.

तपासाअंती पहिलं वाक्य चुकीचं ठरलं, दुसरं जवळपास बरोबर निघालं आणि तिसरं अर्धवट खरं. हे कशावरून ठरलं, त्याची ही नोंद आहे.

झाकण उघडण्याआधी

अशा झाकणाची मूठ धरून मशीन कधीच उचलू नये. बिडाचं मशीन लाकडी बैठकीसकट सहज दहा किलोच्या वर जातं, आणि झाकण बैठकीला फक्त दोन ठिकाणी धरलेलं असतं: एका टोकाला जीभ, दुसऱ्या टोकाला कुलूप. कुलपाची जीभ झिजलेली असली किंवा किल्ली अर्धीच फिरवलेली असली, तर झाकण हातात राहतं आणि मशीन पायावर येतं. दोन्ही हात बैठकीखाली घालूनच उचलायचं.

किल्ली नव्हती, पण या झाकणांची कुलपं फारशी गुंतागुंतीची नसतात. भोकाच्या मधोमध एक बारीक खुंटी असते आणि किल्लीच्या टोकाला त्या खुंटीसाठी खाच असते, इतकंच. जुन्या, अरुंद पात्याच्या स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाला कानशीने मधोमध छोटी खाच पाडली आणि कुलूप पाव फेऱ्यात उघडलं. कुलूप असलेलं टोक आधी थोडं वर उचललं, मग झाकण सरकवून दुसऱ्या टोकाची जीभ मोकळी केली. पटाशी घालून उचकटायचा मोह बऱ्याच जणांना होतो. वाकवलेलं लाकूड पातळ थरांचं असतं, एकदा थर सुटले की ते पूर्वीसारखे बसत नाहीत.

आत काळं, बारक्या चणीचं मशीन निघालं. सोनेरी नक्षी मागच्या बाजूला शाबूत, पुढे बैठकीच्या काठावर जवळपास पुसलेली. मशीनच्या उजव्या, उभ्या खांबावर पितळी लंबगोल बिल्ला, उजवीकडे आऱ्यांचं चाक आणि त्याला जोडलेला दांडा. दांडा फिरत नव्हता.

या टप्प्यावर दोन गोष्टी करायच्या नसतात: जोर लावून फिरवणं आणि पुसणं. जोराने फिरवल्यास अडकलेला तुकडा शटलची, म्हणजे खालचा धागा वाहून नेणाऱ्या भागाची, नोक मोडतो. पुसण्याचं कारण पुढे नक्षीच्या संदर्भात येईलच. आधी सगळ्या बाजूंनी फोटो, मग मोजमाप.

डब्याने दिलेली चुकीची दिशा

‘सिंगर ९९’ हा अंदाज हवेतला नव्हता. ९९ हे ६६ या मोठ्या मशीनचं पाऊण आकाराचं रूप. त्यात सुईपाशी आडवी पडणारी गोल बॉबिन असते, आणि डब्यात गोल बॉबिन होत्या. मशीनही पाऊण आकाराचं होतं. दोन खुणा जुळल्या, नाव ठरलं.

चूक इथे आहे की बॉबिन, फूट, डबा, माहितीपुस्तिका, झाकण या सगळ्या वस्तू मशीनपासून वेगळ्या होऊ शकतात. घरात दोन मशीन असली तर दहा वर्षांत त्यांचे डबे एक होतात. अकरा गोल बॉबिन कोणत्याही मशीनच्या असू शकतात. पण ती एकच लांब नळी कुठून आली, हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. उत्तर मशीनच्या बैठकीवरच होतं.

सुईच्या आसपासच्या चकचकीत पट्ट्या पाहायच्या. ९९ मध्ये एकच सरकती पट्टी असते आणि ती बाजूला केली की आडवी गोल बॉबिन दिसते. शिंप्याकडे सर्रास दिसणारं पूर्ण आकाराचं काळं मशीन म्हणजे १५ क्रमांकाचा सिंगर किंवा त्याच्या असंख्य नकला. त्यांत पट्टी डाव्या टोकाला असते आणि बॉबिन केस उभी बसते. या मशीनमध्ये दोन सरकत्या पट्ट्या होत्या, एक सुईच्या पुढे आणि एक मागे. पुढची पट्टी अलगद आपल्याकडे ओढली. गंजाने ती दोनदा अडली, तेव्हा कडेला तेलाचा एक थेंब सोडून पंधरा मिनिटं थांबावं लागलं. खाली बंदुकीच्या गोळीसारखं, एका टोकाला निमुळतं होत गेलेलं पोलादी शटल दिसलं. त्याच्या पोटात तशीच एक लांब नळी.

म्हणजे हे गोल हुकाचं, गोल बॉबिनभोवती धागा फिरवणारं, मशीनच नव्हे. हे झुलत्या शटलचं मशीन. मागावरचा धोटा जसा धागा घेऊन इकडून तिकडे जातो, तसं हे शटल एका आसाभोवती कंसात पुढे-मागे झुलतं आणि सुईने खाली आणलेल्या धाग्याच्या फासातून आरपार जातं. त्याहून जुन्या काही यंत्रांत, सिंगरच्या १२ क्रमांकातही, शटल सरळ रेषेत डावीकडून उजवीकडे धावतं. तिथे सरकत्या पट्ट्या सुईच्या डाव्या-उजव्या बाजूला असतात. पट्ट्यांची दिशा पाहिली की अर्धी ओळख तिथेच पटते, आणि ही खूण कुणाला बदलता येत नाही, कारण ती बिडाच्या ओतकामातच आहे.

एका ओळीत सांगायचं तर ९९ बाद झालं.

२७, २८, १२७ की १२८

सिंगरच्या झुलत्या शटलच्या घरगुती यंत्रांत हे चार क्रमांक सर्वाधिक भेटतात. त्यांची उकल दोन प्रश्नांत होते.

पहिला प्रश्न आकाराचा. बिडाच्या बैठकीची लांबी मोजायची. लाकडी चौकट धरायची नाही, ही चूक वारंवार होते. २७ आणि १२७ ही पूर्ण आकाराची, बैठक सुमारे साडेचौदा इंच लांब आणि सात इंच रुंद. २८ आणि १२८ ही पाऊण आकाराची, लांबी बारा इंचांच्या आसपास. इथे टेप बारा इंचांच्या थोडी पुढे गेली. म्हणजे २८ किंवा १२८.

दुसरा प्रश्न बॉबिन भरायच्या यंत्रणेचा. २७ आणि २८ मध्ये ती खाली, चाकाच्या बुडाशी, बैठकीच्या जवळ असते. १२७ आणि १२८ या सुधारित आवृत्त्यांत ती वर, मशीनच्या आडव्या हाताच्या उंचीवर चाकाला टेकते. शिवाय १२७-१२८ मध्ये शटल ज्या पाळण्यात बसतं त्याला एक छोटी कळ असते. ती दाबली की शटल आपोआप वर उचललं जातं. २८ मध्ये कळ नसते, शटल नखाने काढावं लागतं. या मशीनमध्ये बॉबिन भरणी खाली होती आणि कळ नव्हती. टाक्याची लांबी बदलायला खांबाच्या बुडाशी, बैठकीवर, हाताने फिरवायचा स्क्रू होता. तीनही खुणा २८ कडे बोट दाखवत होत्या.

ही बॉबिन भरणी बारकाईने पाहण्यासारखी आहे. लांब नळीवर धागा एका जागी ढीग न होता एकसारखा पसरला पाहिजे, म्हणून चाकाबरोबर फिरणाऱ्या छोट्या दात्यांवर हृदयाच्या आकाराची एक चकती बसवलेली असते. ती फिरते तशी धागा धरणारी बारीक काडी डावीकडून उजवीकडे आणि परत येते. चकतीचा आकार असा बेतलेला की काडीचा वेग दोन्ही दिशांना सारखाच राहतो. या मशीनमध्ये काडी अडकून बसली होती. कारण शोधायला भिंग लागलं: दात्यांच्या खाचेत जुन्या धाग्याचा तंतू आणि वाळलेलं तेल मिळून मेणासारखा गोळा झाला होता. लाकडी टूथपिकने तो निघाला. स्टीलची सुई तिथे घालू नये.

क्रमांक वाचणं, आणि तो चुकीचा वाचणं

सिंगरचा अनुक्रमांक बैठकीच्या उजव्या भागात, खांबाच्या पायथ्याशी, थोड्या उंचावलेल्या जागेवर ठोकलेला असतो. पट्टीवर, फूटवर किंवा तोंडपट्टीच्या (सुईच्या वर, डाव्या टोकाला असलेल्या झाकणपट्टीच्या) आतल्या बाजूला दिसणारा आकडा म्हणजे सुट्या भागाचा क्रमांक. तिथे बऱ्याचदा ‘सिमॅन्को’ असं लिहिलेलं असतं, ते सिंगर मॅन्युफॅक्चरिंग कंपनीचं संक्षिप्त रूप. भागाच्या क्रमांकावरून वर्ष शोधायला जाणारे हमखास भलत्याच सालात पोचतात. काही मशीनच्या पट्ट्यांवर पेटंटच्या तारखा कोरलेल्या असतात. त्याही मशीनच्या जन्मतारखा नसून शोधाच्या तारखा असतात, आणि मशीन त्यानंतर दोन-तीन दशकांनी बनलेलं असू शकतं.

१९०० च्या आधीच्या सिंगरवर नुसते आकडे असतात. त्यानंतर आकड्यांपुढे इंग्रजी अक्षर आलं, आणि अक्षरावरून कारखाना कळतो. इथे पहिलं अक्षर वरवर पाहता व्ही वाटलं. काळ्या लेपात ठसा भरून गेला होता, अक्षराचा खालचा भाग दिसतच नव्हता. पुसायच्या आधी त्यावर खडूची पूड बोटाने हलकेच चोळली आणि टॉर्च जवळजवळ आडवी, बैठकीला समांतर धरली. सावलीत अक्षराच्या खाली एक उभी रेघ उमटली. व्ही नव्हे, वाय.

हा फरक किरकोळ नाही. दोन्ही अक्षरं स्कॉटलंडमधल्या क्लाइडबँकच्या कारखान्याचीच, पण मालिका वेगळ्या आणि सालंही वेगळी. वाय मालिका १९२० च्या दशकात आणि १९३० च्या दशकाच्या पूर्वार्धात वापरली गेली. १९३५ पासून ई आणि त्यापुढे दुसरं अक्षर अशी जोडअक्षरं सुरू झाली. एफ आणि पी, ३ आणि ८, ५ आणि ६ यांतही अशीच गल्लत होते. म्हणून क्रमांक दोन जणांनी स्वतंत्रपणे वाचून कागदावर लिहावा आणि मग ताडून पाहावा. फोटोवरून वाचायचा असेल तर प्रकाश एकदा डावीकडून, एकदा वरून असे दोन फोटो लागतात.

कंपनीच्या नोंदवह्यांत अनुक्रमांक तुकडीने दिलेले आढळतात: अमुक क्रमांकापासून तमुकपर्यंत, इतकी यंत्रं, हे मॉडेल, ही तारीख. या मशीनचा क्रमांक १९२० च्या दशकाच्या पूर्वार्धातल्या, २८ के प्रकाराच्या तुकडीत बसला. ‘के’ म्हणजे किलबोवी, क्लाइडबँकच्या त्या कारखान्याचं नाव. बैठकीच्या मापावरून आणि बॉबिन भरणीवरून काढलेला निष्कर्ष आणि नोंदवही एकाच जागी पोचली, म्हणून तो पक्का धरला. नुसत्या नोंदवहीवर विसंबलं असतं आणि अक्षर व्ही वाचलं असतं, तर चूक पकडायला दुसरं काही हातात नसतं.

नोंदवहीतली तारीख ही क्रमांक राखून ठेवल्याची तारीख आहे. मशीन जुळून बाहेर पडायला त्यानंतर काही महिने लागू शकतात आणि विकलं जायला आणखी वेळ. त्यामुळे ‘अमुक तारखेला बनलेलं’ असं लिहिण्याऐवजी ‘अमुक साली क्रमांक दिलेलं’ म्हणणं बरोबर. पहिल्या महायुद्धाच्या आधी या एका कारखान्यातून वर्षाला दहा लाखांहून अधिक मशीन निघत होती, हेही ध्यानात असावं. वय शंभराच्या घरात असलं तरी २८ के दुर्मीळ नाही. दुर्मीळ असते ती शाबूत नक्षी आणि पूर्ण जोडसामान.

नक्षी

सोनेरी नक्षी म्हणजे रंगकाम नव्हे. ती काळ्या लेपावर चिकटवलेली, धातूच्या भुकटीची पातळ छपाई असते आणि वरून लाखेचा पारदर्शक थर दिलेला असतो. हाच थर धोक्याचा. स्पिरिट, काच पुसायचे फवारे, अमोनिया असलेली कुठलीही द्रावणं लाखेला विरघळवतात. लाख गेली की सोनं उघडं पडून चंदेरी होतं आणि पुढच्या पुसण्यात निघून जातं. फोटोंच्या आधी पुसायचं नाही ते यासाठीच. नक्षीचा प्रकार ओळखायला उरलेल्या रेषाच उपयोगी पडतात.

या मशीनवर मागच्या बाजूला वेलबुट्टीची नक्षी शाबूत होती. पुढच्या काठावर कापड घासून फक्त सावली उरली होती. आडव्या प्रकाशात ती सावली दिसली आणि मागच्या नक्षीशी जुळली, म्हणजे रंग नंतर कुणी दिलेला नाही. २८ के वर अशी व्हिक्टोरियन म्हणून ओळखली जाणारी नक्षी वारंवार आढळते. २७ वर अनेकदा स्फिंक्सचं चित्र असतं. पण नक्षीवरून वर्ष ठरवू नये. एकच नक्षी कित्येक वर्षं चालू राहायची.

सफाईसाठी मऊ सुती फडका आणि पारदर्शक मशीन तेल. आधी बैठकीखालच्या न दिसणाऱ्या भागावर, मग मागे, शेवटी नक्षीवर, न दाबता. फडक्यावर काळं येणं ठीक आहे, सोनेरी आलं की तिथेच थांबायचं.

बिल्ल्याबद्दल एक बाजूला नोंद. पितळी बिल्ला दोन खिळ्यांनी बसवलेला असतो, तो दुसऱ्या मशीनवर हलवता येतो. मशीनच्या हातावरचं नाव तर त्याहून कमी भरवशाचं: जर्मन आणि ब्रिटिश कारखाने विक्रेत्यांच्या नावाने यंत्रं छापून देत. नाव ओळखीचं नसेल तर यंत्रणेवरून निर्माता शोधायचा, नावावरून नाही.

दांडा मूळचा आहे का

तिसरं वाक्य, ‘सगळे भाग मूळचे’, तपासायला सर्वांत जास्त वेळ गेला.

हातदांडा हा स्वतंत्र जोड आहे. खांबाच्या मागे उजवीकडे बिडातच एक उंचवटा ओतलेला असतो, त्यात एका जाड बोल्टने दांड्याचं अंग बसतं. दांड्यातून निघणारं एक दुमडतं बोट चाकाच्या दोन आऱ्यांमध्ये शिरतं आणि आऱ्याला ढकलतं. म्हणूनच हातमशीनला आऱ्यांचंच चाक लागतं, भरीव चाकावर बोट टेकायला जागाच नसते. दांड्यात दोन दातेरी चाकं असतात, दांड्याच्या एका फेऱ्यात मशीनचं चाक साधारण तीन फेरे घेतं. दातेरी जोडीमुळे दिशाही उलटते: दांडा वरून आपल्यापासून दूर फिरवायचा, तेव्हा चाकाचा वरचा भाग आपल्याकडे येतो. २८ ला चाक नेहमी आपल्याकडेच फिरलं पाहिजे. उलट फिरवलं की धागा शटलभोवती गुंतून बसतो, आणि पहिल्यांदा हात लावणारा हमखास उलटच फिरवतो.

आता खुणा. या दांड्यावरचा मुलामा चाकावरच्या आणि पट्ट्यांवरच्या मुलाम्यापेक्षा कितीतरी चकचकीत होता. ओतकामाच्या कडा ओबडधोबड होत्या, साच्याची रेघ कानशीने साफ केलेली नव्हती. मूठ हलक्या वजनाची होती. हे सगळं नव्या, बदली दांड्याचं लक्षण. पण त्यावरून दुसराच प्रश्न उभा राहिला: हे मशीन मुळात हाताचं होतं, की पायाच्या चौकटीवरचं, ज्याला नंतर हात जोडला?

बोल्ट काढला. उंचवट्यावर दोन गोल ठसे होते, एक आत्ताच्या दांड्याच्या बुडाचा आणि त्याच्या बाहेर दोन-तीन मिलिमीटर मोठा, जुना, कडेने काळा पडलेला. म्हणजे आधी दुसरा दांडा इथे बसत होता. चाकाच्या एका आऱ्यावर पॉलिश झाल्यासारखा चपटा डाग होता. आत्ताचं बोट आऱ्याला जिथे टेकतं, त्याच्यापासून हा डाग अर्धा सेंटिमीटर आत होता. हा डाग काही महिन्यांत पडत नाही, बोट त्याच जागी वर्षानुवर्षं ढकलत राहिल्यावर पडतो. चाकाच्या परिघावरची पट्ट्याची खोबण मात्र मळकट आणि खडबडीत होती. चामडी पट्टा फिरला असता तर ती आतून घासून गुळगुळीत झाली असती. लाकडी बैठकीला पट्टा जायची भोकं नव्हती, मोटार किंवा दिव्याच्या पट्टीची स्क्रूची भोकंही नव्हती.

तेव्हा मशीन पहिल्यापासून हाताचं, चाक मूळचं, दांडा मात्र बदललेला. झाकण आणि बैठक एकमेकांत फटीशिवाय बसतात आणि कुलपाचा खटका बरोबर भोकात येतो, म्हणून ती जोडी मूळची धरली. कागदोपत्री पुरावा नसताना याहून पक्कं काही म्हणता येत नाही.

अडकलं कुठे होतं

अडकलेलं मशीन एकेक भाग वेगळा करत तपासायचं. आधी दांड्याचं बोट आऱ्यांतून बाहेर दुमडलं. दांडा एकटा मोकळा फिरला, म्हणजे दातेरी चाकं ठीक. मग चाकाच्या मधला गोल खटका सैल केला. तो सैल असताना चाक सुईला न हलवता फिरायला हवं. ते जड पण फिरलं. म्हणजे अडचण चाकाच्या पुढे, मशीनच्या पोटात.

मशीन मागच्या दोन बिजागऱ्यांवर उलटण्याआधी बैठकीच्या मागच्या कडेखालचे दोन छोटे स्क्रू घट्ट आहेत का ते पाहिलं. एक पूर्ण सैल होता. तसंच उलटलं असतं तर मशीन बिजागरीच्या खुंटीवरून निसटून जमिनीवर गेलं असतं. अशी मोडलेली बिडाची बैठक सांधणं फार अवघड असतं.

शटल बाहेर काढल्यावर त्याच्या मार्गात मोडलेल्या सुईचं टोक सापडलं, जेमतेम आठ मिलिमीटर. ते चिमट्याने काढल्यावर चाक अर्धा फेरा फिरलं आणि परत जड झालं. उरलेला दोष वाळलेल्या तेलाचा. वनस्पती तेल हवेतल्या ऑक्सिजनने घट्ट होऊन राळेसारखा थर बनवतं. कुणीतरी कधीतरी स्वयंपाकघरातलं तेल घातलेलं असणार, सांध्यांतला पिवळा काचेसारखा थर त्याचाच. खनिज मशीन तेलानेही मळ धरतो, पण तो इतका कडक होत नाही.

प्रत्येक तेलाच्या भोकात, तोंडपट्टीच्या आतल्या दोन्ही दांड्यांवर, खांबाच्या मागच्या गोल झाकणाआडच्या सांध्यात आणि बैठकीखाली जिथे धातू धातूवर घासतो तिथे रॉकेलचा थेंब-थेंब सोडला. चोवीस तास थांबून हेअर ड्रायरने बिडाला कोमट केलं आणि चाक पुढे-मागे, दोन-दोन अंश, हलवत राहिलं. हे तीन दिवस चाललं. जोर लावला नाही. तिसऱ्या दिवशी पूर्ण फेरा झाला. रॉकेल मळ सोडवतं, पण वंगण म्हणून कामाचं नाही, त्यामुळे लगेच सगळीकडे मशीन तेल घालून, जुनं काळं तेल पुसून, परत तेल घातलं. नक्षीवर ओघळलेलं रॉकेल तत्काळ टिपलं.

मधला खटका परत बसवताना एक गंमत होते. त्याच्या आतल्या चकतीला बाहेर तीन कान असतात. चकती उलट्या अंगाने बसली तर खटका घट्ट होतो पण सैल होत नाही, किंवा सैल राहतो पण घट्ट होत नाही. चकती अर्धा फेरा फिरवून बसवली की काम होतं. मशीन बिघडलं असं समजून भाग शोधत फिरायची गरज नाही.

टीप येते का

धागा न घालता, कोऱ्या कागदावर टीप मारून पाहिली. भोकांमधलं अंतर सारखं आलं, म्हणजे दाते कापड नीट ओढतायत. मग सुई. २८ ला आजची साधी घरगुती सुई, १३०/७०५ एच, म्हणजे जुन्या मोजणीतली १५ × १, चालते. ९० नंबरची घेतली. पहिल्या चाचणीत एक सोडून एक टाका सुटला. कारण सुई नेहमीच्या १५ क्रमांकाच्या काळ्या मशीनच्या सवयीने लावलेली होती. नियम असा की सुईची चपटी बाजू शटलच्या किंवा हुकाच्या मार्गाकडे असते आणि धागा नेड्यात विरुद्ध बाजूने, म्हणजे लांब खोबणीकडून जातो. शटल कुठून जातं हे पट्टी उघडून, चाक हाताने हळू फिरवून डोळ्यांनी पाहायचं. सुई फिरवली, सुटणारे टाके थांबले.

खालच्या धाग्याला मात्र गाठी येत होत्या. शटलवरच्या पातळ स्प्रिंगखाली गंजाचा एक कण बसला होता, धागा तिथे घासून फुटत होता. स्प्रिंगचा बारीक स्क्रू काढताना खाली पांढरं कापड अंथरावं, हा स्क्रू जमिनीवर पडला की सापडत नाही. अतिशय बारीक पॉलिश कागदाने स्प्रिंगची आतली बाजू गुळगुळीत केली. ताण ठरवायला शटल धाग्याने लटकवून मनगटाला हलकासा झटका दिला. झटक्यावर थोडं उतरून थांबलं तर ताण बरोबर, घसरत गेलं तर स्क्रू किंचित आवळायचा, हललंच नाही तर सैल. पाव फेऱ्याहून जास्त एका वेळी फिरवायचा नाही.

दुहेरी सुती कापडावर दोन्ही बाजूंनी सारखी टीप आली. दांड्याच्या बोटाला आऱ्यावर टेकायचं चामडं नव्हतं, त्यामुळे प्रत्येक फेऱ्याला ‘टक’ असा आवाज येत होता. जुन्या पट्ट्याचा दोन मिलिमीटर जाडीचा तुकडा कापून बसवल्यावर तो थांबला.

डब्यातल्या अकरा गोल बॉबिन वेगळ्या पाकिटात ठेवल्या, त्या कोणत्या मशीनच्या ते त्या मशीनबरोबर कळेल. लांब नळ्या दोनच आहेत, एक शटलमधली आणि एक डब्यातली. रोज काम करायचं तर आणखी चार लागतील. झाकणाच्या आतल्या बाजूला, लाकडावर न चिकटवता, दोऱ्याने बांधलेल्या कागदावर आता इतकं लिहिलेलं आहे: २८ के, क्लाइडबँक, वाय मालिका, चाक मूळचं, दांडा बदललेला, बिजागरीचा डावा स्क्रू दर वेळी तपासावा.